दिसतात त्यापेक्षा एक जास्त

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

रोजनिशी सुरू. कारण पुस्तक लिहायचं आहे. पत्त्यांमधल्या ब्रिजवर. विषय एकच: भिडूने इस्पिक किंवा बदाम उघडलं की आपण त्याला किती वर न्यायचं. भले भले तिथेच आपटतात.

तेहतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, त्यातली एकोणीस येडगाव धरणावर. जेवणाच्या सुट्टीत ब्रिज. सुट्टी कधी कधी लांबायची. पाणी कुठे पळून जात नव्हतं.

सिद्धांत सोपा आहे. समोर बसतो तो आपला भिडू. तो एक इस्पिक म्हणाला की त्याच्याकडे इस्पिकची पाच पानं आणि बरा हात. मग आपण आपली इस्पिकं मोजायची. तीन पानं आणि सहा ते नऊ पॉइंट, तर दोन म्हणायचं, म्हणजे सहा अधिक दोन, आठ हात करायचे. चार पानं आणि दहा-बारा पॉइंट, तर तीन. पाच पानं आणि पॉइंटांचा दुष्काळ, तर थेट चार, म्हणजे पलीकडच्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही. थोडक्यात, मोजता आलं पाहिजे. ज्याला मोजता येतं त्याला ब्रिज येतं.

संकल्प: रोज एक पान लिखाण. चहा दोनच वेळा. भिडूवर आवाज चढवायचा नाही. १४ डिसेंबरला मंचरला जुन्नर-आंबेगाव जोडी स्पर्धा आहे, ती जिंकायची. पुस्तकाच्या मागच्या बाजूला फोटोखाली छापता येईल.

६.४०. चहा सांडला. पहिल्याच पानावर. द्रौपदा कप डाव्या हाताला ठेवते. सदतीस वर्षांच्या संसारात हिची ही सवय गेली नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डाव नेहमीसारखा नारायणगावात, हौशीराम डुंबऱ्याच्या घरी. मंगळवार-शनिवार, तीन ते साडेपाच. हौशीराम टोमॅटोचा आडत्या. पानं क्रेट उतरवल्यासारखी आपटतो. त्याची भिडू त्याची बायकोच, सरूबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. चांगल्या खेळतात, पण चष्म्यावरून बघतात. आपण गृहपाठ केला नाही असं वाटत राहतं.

माझा भिडू भागुजी रोकडे, खोडदचा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांवर मेकॅनिक होता. तीस वर्षं त्या अजस्र तबकड्यांना ग्रीस लावलं. शांत माणूस. शांत माणसं बोली कमी देतात, हा त्यांचा दोष.

तिसऱ्या डावाला भागुजी म्हणाला, एक इस्पिक. माझ्याकडे तीन इस्पिकं, आठ पॉइंट. नियमाप्रमाणे दोन म्हणालो. तो पास. मी डमी, म्हणजे डाव भागुजी खेळणार, म्हणून माझी पानं टेबलावर मांडली. भागुजीने पाहिली आणि म्हणाला, साहेब, हा इस्पिकचा राजा कवा आला?

राजा होता खरा. अगदी डाव्या कडेला. म्हणजे चार पानं आणि, राजाचे तीन धरून, अकरा पॉइंट. दहा हात झाले, बोली दोनचीच. हातातोंडाशी आलेला गेम, म्हणजे चारच्या बोलीचं बक्षीस, गेला. सरूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

कारण उघड आहे. पानं चिकट. हौशीराम भजी खाऊन पत्ते पिसतो. उद्या नवा जोड घेणे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मेहुणा आला, भरत, पिंपरी पेंढारहून. बिबट्याने त्याच्या दोन शेळ्या नेल्या. गोठ्याची जाळी वाकवून. म्हणाला, दाजी, दिस कलायच्या आत घरला येत जा, सध्या लई झालंय, तोडणी चालू झाली की ती उसातनं भाईर पडत्यात. मी सांगितलं, वीस वर्षं नारायणगावच्या रस्त्याने मोटरसायकल चालवतोय, आजवर एक बिबट्या दिसला नाही. माझ्या नजरेतून मांजर सुटत नाही.

जाताना तो पाया पडायला वाकला म्हणे, आणि मी तसाच आत निघून गेलो. द्रौपदाचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, तो बाजूला वाकला, समोरून वाकायचं की. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी पेपर वाचत होतो, तरी जाणवतं.

डाव: नवे पत्ते. तरी दोनदा पान सुटलं. कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री ८

मोठा दिवस. शोध लागला.

पहाटे पडल्या पडल्या विचार केला. गेल्या महिन्याभरात माझ्या हाती चुका झाल्या त्या सगळ्या एकाच जातीच्या. इस्पिकचं किंवा बदामाचं एक पान कमी धरलं गेलं. इंजिनिअरला हे कळायला हवं होतं. मोजमापात कायम एकाच दिशेने चूक येत असेल तर उपकरण फेकून द्यायचं नसतं, करेक्शन लावायचं असतं. धरणावर पाणीपातळीची पट्टी दोन सेंटिमीटर खाली बसली होती. अकरा वर्षं आम्ही दोन मिळवून लिहीत होतो. कोणाचं काही बिघडलं नाही.

म्हणून, माझ्याच आडनावाने, भोर करेक्शन: दिसतात त्यापेक्षा एक जास्त धरायचं.

दुपारी लगेच प्रयोग. भागुजीचं एक बदाम. मला तीन दिसली, चार धरली, दहा पॉइंट. तीन बदाम म्हणालो. पानं मांडली. चार! भागुजीने दहा हात केले. हौशीराम म्हणाला, आज काय राव, फॉर्मात. सरूबाईंनी चष्मा काढून पुसला.

पुस्तकात या प्रकरणाला वेगळं शीर्षक.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चार दिसली, पाच धरली, थेट चार इस्पिकवर उडी घेतली. निघाली चारच. तीन हात कमी पडले. भागुजीने पानं गोळा केली आणि हळू आवाजात विचारलं, साहेब, तुमी मोजता का अंदाज करता?

आवाज चढवायचा नाही हा संकल्प आजपुरता मोडला.

येताना दाराच्या चौकटीला डावा खांदा लागला. कालही लागला होता. हौशीरामने घर बांधताना माप चुकवलंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डाव संपल्यावर भागुजीला नेहमीप्रमाणे खोडदला सोडायला गेलो. परतीच्या जीपा त्या वेळी मिळत नाहीत. सूर्य टेकला होता, पण उजेड भरपूर. मी त्याला तीन पानांवर चढावं की नाही हे समजावत होतो. तीन पानं असली आणि एखादा रंग हातात नसलाच, तर पॉइंट वाढवून धरायचे. महत्त्वाचा मुद्दा.

मोरीच्या अलीकडे, उसाची कड जिथे रस्त्याला लागते तिथे, भागुजीने एकदम माझा खांदा धरला. नखं रुतली. आत्ता आरशात पाहिलं, चार वळ आहेत. मी म्हटलं, ऐकतोयस ना? काही नाही. हूं नाही, चूं नाही. वस्तीवरची कुत्री मात्र एकाच वेळी ओरडायला लागली आणि एकाच वेळी गप्प झाली.

त्याच्या दारात उतरला. सून बाहेर आली, तिच्याकडे पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावला तर निम्मं पाणी अंगावर. माझ्याकडे असं पाहिलं की जणू पहिल्यांदाच बघतोय. म्हणाला, साहेब, तुमाला डाव्या हाताला काय दिसलं? मी म्हटलं, ऊस. अजून काय दिसणार? तो म्हणाला, बरं.

समजलं. मी शनिवारी त्याला सगळ्यांसमोर बोललो, ते लागलंय. हळवा माणूस. त्याला जपायला हवं.

१९ नोव्हेंबर

दूधवाला सांगत होता, खोडद रस्त्याच्या मोरीवर पंजाचे ताजे ठसे सापडले, वनखात्याची माणसं येऊन फोटो काढून गेली. कुत्र्याचे असतील. ओल्या मातीत कुत्रं पण वाघ होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भागुजीला खोकला. फक्त गाडीवर. मागे बसला की सुरू. डावीकडून ट्रॅक्टर आला की खोकतो, सायकल आली की खोकतो, नारायणगावच्या चौकात तर सारखाच. खोकला आला की मला ब्रेक लावावासा वाटतो. धुळीची अ‍ॅलर्जी. अडुळशाचा काढा सुचवला.

आता तो डाव असो नसो, मी कुठे जाणार असलो की फोन करून विचारतो, मी येऊ का बरूबर? एकटा पडलाय बिचारा.

२३ नोव्हेंबर, रविवार

शाळेत नेत्र तपासणी शिबिर. द्रौपदाने नाव परस्पर घातलं होतं. गेलो. अंगणवाडीच्या खुर्चीवर बसून तक्ता वाचला. शेवटची ओळ, अगदी मुंगीएवढी, धाडधाड वाचली. माझ्या आधी सावळाराम तिसऱ्या ओळीत अडकला होता, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. डॉक्टरांची मदतनीस मुलगी म्हणाली, काका, नजर चांगली आहे.

मग तिने हात बाजूला नेले आणि विचारलं, माझ्या नाकाकडे बघा आणि किती बोटं ते सांगा. बोटं काही दिसेनात. हॉलमध्ये उजेडच नव्हता. मी दोन म्हणालो. माणूस साधारणपणे दोनच धरतो. दोनदा बरोबर आलं. तिसऱ्यांदा पण दोन म्हणालो, तेव्हा ती थांबली.

तिने विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता का? वडिलांना शेवटी दिसत नव्हतं, पण ते म्हातारपण. ती म्हणाली, डोळ्यांचं प्रेशर मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या, लवकर. मी सांगितलं, माझं प्रेशर कायम एकशेतीस-ऐंशी असतं. थोडं वाढलं असेल तर स्पर्धेचं टेन्शन. ती चिठ्ठी लिहायला लागली. मागे रांग मोठी होती, म्हणून मी उठलो.

द्रौपदाने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, नजर फर्स्ट क्लास.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जिंकलो. करेक्शन दोनदा लागू पडलं. पुस्तकाची चार पानं झाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घरात बदल होतायत. ओसरीवरचं स्टूल गेलं. तुळशीजवळची बादली गेली. दाराजवळचा पाटा मागच्या अंगणात. मी कारण विचारलं तर द्रौपदा म्हणाली, उगाच पायात येतं. पूर्वी कधी येत नव्हतं.

आणखी एक. बाजारात चालताना ही आता माझ्या डाव्या बाजूला चालते, कोपराला धरून. लग्नाच्या पहिल्या वर्षीही इतकी जवळ चालली नाही. या वयात प्रेम वाढतं असं ऐकलं होतं. बरं वाटलं.

एकच त्रास. माणसं फार अचानक येतात. समोर कोणी नसतं आणि एकदम कानाशी कोणीतरी बोलतं. आज ठमाबाई, शेजारची, अशीच उगवली. दचकून माझ्या हातातली पिशवी पडली. म्हणाली, दादा, मी कवाची हितंच हाय की.

६ डिसेंबर, शनिवार

भागुजी आज अभिवादनाला गेला, म्हणून डाव नाही. टायर तपासायला एकटाच नारायणगावला गेलो. भागुजीचा फोन आला होता सकाळी, आज गाडी काढू नका म्हणून. कमाल आहे. माझी गाडी, माझे पाय.

कारखान्याला चाललेली उसाची बैलगाडी. रस्ता काय तिच्या बापाचा? आडवी कुठून आली कळलंच नाही. हँडल चाकाला घासलं, आरसा तुटला, मी उसाच्या मोळीवर. सावकाशच होतो, गुडघा फुटला एवढंच. गाडीवानाची बायको मुलाला पोटाशी धरून उभी होती. मूल गाडीच्या मागून चालत होतं म्हणे, हातभर अंतर राहिलं. मला दिसलं नाही, कारण ते लहान होतं.

गाडीवान ओरडला, डोळं फुटलं का? अडाणी माणसाच्या तोंडी लागत नाही.

घरी सांगितलं, खडीवर घसरलो. द्रौपदाने गुडघा धुतला. म्हणाली, अहो, स्पर्धेला हौशीरामभाऊंच्या गाडीतून जा. मी म्हटलं, प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतून जाणं हा खेळाचा अपमान आहे. ती म्हणाली, मग भागुजीभावजी बरूबर हायेत ना? म्हणजे या दोघांचं फोनवर काहीतरी चालतं.

९ डिसेंबर, मंगळवार

भागुजी म्हणाला, स्पर्धा झाली की आपण पुण्याला जाऊ, डोळ्यांच्या दवाखान्यात, मलाबी दाखवायचंय. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांना काय झालं? तो पानं लावत बसला. मग म्हणाला, माझं बरं हायेत.

यात अर्थ काढत बसण्यात अर्थ नाही. पाच दिवस राहिले.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या. शर्ट इस्त्री झाला. सगळे नियम एका कार्डावर उतरवले. झोप नीट. चहा एकच. भागुजीला प्रत्येक डावानंतर शाबासकी.

१५ डिसेंबर, सोमवार

कालचं लिहितो. क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा.

सकाळी सातला निघालो. भागुजी मागे. मंचरपर्यंत खोकत होता. चौदा जोड्या, मंगल कार्यालयाचा हॉल, ट्यूबलाइट भरपूर. दुपारपर्यंत आम्ही दुसरे होतो. हे खोटं नाही, फळ्यावर लिहिलेलं होतं. हौशीराम-सरूबाई पाचवे.

शेवटच्या फेरीला दोन तरुण बँकवाले. हुकूम त्यांचा, बदाम. पहिलं किलवर आलं. माझ्याकडे किलवर नव्हतं. मी बदामाच्या पंजाने कापलं. पुढे चार पानं राहिली असताना माझ्या हातातून किलवरची सत्ती निघाली. रंग हातात असताना हुकूम मारला, म्हणजे सरळसरळ चोरी. पंचांना बोलावलं. त्यांनी दोन हात पलीकडे दिले. मी म्हणालो, ते पान माझं नाहीच, कोणीतरी सरकवलं. बँकवाल्यांपैकी एकाने पानं खाली ठेवली आणि म्हणाला, काका, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात. माझ्या चाळीस वर्षांच्या खेळात मला असं कोणी म्हणालं नव्हतं. म्हणजे मी चोर नाही, म्हातारा आहे, असं.

शेवटचा डाव. भागुजी, एक इस्पिक. मला चार दिसली. पाच धरली. पॉइंट पाच. नियम म्हणतो थेट चार. म्हणालो. डावीकडच्याने डबल केलं, म्हणजे हरलो तर दंड वाढणार. पानं मांडली. चारच होती. चार हात कमी. आम्ही अकरावे.

भागुजीने हिशोबाच्या कागदावर सही केली.

परत येताना नारायणगावात खोडद फाट्यावर त्याने गाडी थांबवायला सांगितली. चार वाजून गेले होते, लख्ख ऊन. उतरला आणि म्हणाला, मी जीपनं जातो. मी विचारलं, का? मग तो बोलला. इतका तो कधी बोलत नाही.

म्हणाला, साहेब, त्या दिवशी मोरीवर बिबट्या बसला व्हता. डाव्या हाताला. मी हात लांबवला असता तर शेपूट हाताला लागलं असतं. त्यानं तुमच्याकडं पाह्यलं, मी त्याच्याकडं पाह्यलं, आन तुमी मला तीन पानांचं सांगत व्हता. तवापासून खोकतोय मी. आज मंचरला बी आलो ते खेळायला न्हाई, तुमी एकटं गेला असता म्हणून आलो. गाडीची चावी द्या.

मी म्हणालो, तुला अकरावं आल्याचा राग आहे, तो बिबट्यावर काढू नकोस. म्हणालो, तू तीस वर्षं तबकड्या पुसल्या, नजरेचं मला शिकवू नकोस. हे मी म्हणालो.

तो गप्प झाला. मला वाटलं, गेला. डावीकडे पाहिलं, कोणी नव्हतं. घरी, येडगावकडे वळायला म्हणून गाडी डावीकडे घेतली आणि रागाने घेतली.

तो तिथेच उभा होता.

१६ डिसेंबर, मंगळवार

भागुजीच्या उजव्या पायाची दोन्ही हाडं. गुडघ्याची वाटी पण. रॉड घातला. तीन महिने तरी.

भागुजीने दवाखान्यात सांगितलं, मोरीच्या कठड्यावरून पाय घसरला. त्याच्या सुनेला, डॉक्टरला, सगळ्यांना तेच. म्हणजे कागदोपत्री माझा संबंध येत नाही.

हे वाक्य लिहून अर्धा तास झाला. खोडलं नाही. असू दे.

संध्याकाळी सरूबाई आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, भोरसाहेब, भागुजींनी खोटं सांगितलं ते तुम्हाला वाचवायला. आता तुम्ही ते वाया घालवू नका, डोळे दाखवा. मग द्रौपदाकडून मोटरसायकलची चावी मागून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. वर्गात पोरांच्या गोट्या जप्त करायच्या तशी.

२२ डिसेंबर, सोमवार. पुणे

डोळ्यांचा दवाखाना. एका मशीनमध्ये हनुवटी ठेवायची, समोर बघायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दहा-बारा वेळा दाबलं. मग ठिपके यायचे थांबले. बराच वेळ झाला तेव्हा मी मुलीला सांगितलं, तुमचं मशीन बंद पडलंय. ती म्हणाली, काका, चालू आहे. अजून चमकतायत.

कागद निघाला. मधे रुपयाएवढं पांढरं. बाकी काळं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. म्हणाल्या, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते थेंबांनी टिकवू. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. कधीपासून जाणवतंय?

मी म्हणणार होतो, परवापासून. द्रौपदा म्हणाली, दीड वर्ष. आधी चहाचे कप, मग दारं. मग देवळात माझ्या शेजारी बसून मलाच हाका मारायचे. हिला तारखा पाठ होत्या. ही पण रोजनिशी लिहीत होती, फक्त कागदावर नाही.

डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला खरंच कळलं नाही? मी कागदाची घडी घातली. कळल्याशिवाय कोणी एक जास्त धरतं का?

३१ डिसेंबर

थेंब: सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. चुकवले नाहीत. पुस्तकाची पानं बंबात घातली. नवीन संकल्प नाहीत.

१३ जानेवारी, मंगळवार

खोडदला भागुजीच्या घरी गेलो. द्रौपदाने नेलं. भरतने तिला खळ्यावर स्कूटी शिकवली, तीन आठवड्यांत. मी मागे. ती वीसच्या वर जात नाही आणि वळताना मोठ्याने सांगते, डावीकडे वळतेय. मला सांगते की गाडीला, विचारलं नाही.

महिनाभर शब्द जुळवून ठेवले होते. दारात उभं राहून म्हणायला सुरुवात केली, भागुजी, त्या दिवशी मी... तो म्हणाला, बसा साहेब, पाय आखडलाय, पिसायला हात हायेत. माफी तशीच राहिली. हौशीराम आणि सरूबाई आधीच येऊन बसले होते. भागुजीचा प्लास्टरचा पाय खुर्चीवर, मधे टेबल.

पहिलाच डाव. भागुजी म्हणाला, एक इस्पिक.

मी पानं धरली. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवली. मग बोटाने एकेक पान चाचपलं, आंधळे मोजतात तसं. पाच इस्पिकं. पॉइंट चार. काही मिळवलं नाही, काही वजा केलं नाही. वेळ फार लागला, पण कोणी घाई केली नाही. हौशीरामनेसुद्धा नाही.

चार इस्पिक, मी म्हणालो.

पानं मांडली. पाच. भागुजीने दहा हात केले, शेवटचा एक्क्याने. टेबलावरून माझ्याकडे पाहून हसला. एकोणीस वर्षं धरणावर आणि नंतरची सगळी वर्षं मिळून इतकी बरोबर बोली मी दिली नव्हती.

मग पानं गोळा करता करता तो म्हणाला, साहेब, एक सांगू? राग न्हाई. मनात बी काय न्हाई. पण तुमी बोली चढवली की माझं ढोपर दुखतं. खरंच दुखतं. पुढनं मी सरूबाईंबरूबर खेळतो.

मी म्हटलं, बरोबर आहे. आवाज बरा निघाला. सरूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांची पर्स उगाच इकडची तिकडे ठेवली. द्रौपदाने माझं कोपर धरलं आणि मला खुर्ची बदलायला मदत केली. खुर्ची बदलताना टेबलाला धक्का लागला. भागुजीने दोन्ही हातांनी पाय सावरला.

आता समोर हौशीराम. त्याने पानं आपटत लावली, दात कोरले आणि म्हणाला, एक बदाम. वर म्हणाला, घ्या राव, आता आपल्याला उचला.

मी मान वळवून पाहिलं. बोटाने मोजलं. पुन्हा दुसऱ्या टोकापासून मोजलं.

एकही बदाम नव्हतं. खरोखरच नव्हतं.

पास म्हणालो.